सुटं पान चालणार नाही

बाइंडरकाकांच्या दुकानातून कुठलीही वही फाशी गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. वही शिवून, पुठ्ठा चढवून, वजनाखाली वाळवून झाली, की काका ती मधोमध उघडत, हाताला लागेल ते एकच पान चिमटीत धरत आणि अख्खी वही त्या पानावर हवेत लोंबकळत ठेवत. मग सावकाश दहापर्यंत मोजत. एकतीस वर्षांत एकाही पानाने दगा दिला नव्हता. एकदा एका जाडजूड शब्दकोशाला फाशी देताना काकांचं मनगट मुरगळलं, पण पान जागचं हललं नाही. ते मनगट गळ्यात अडकवून काका पंधरा दिवस हिंडत होते आणि काय झालं म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला शब्दकोशाची तब्येत उत्तम असल्याचं सांगत होते.

अशा माणसाच्या वह्यांची पानं सुटतात, असं चौकातल्या लाँड्रीवाल्याने जाहीर केलं.

नुसतं जाहीर करून तो थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची नोंद करायला त्याने काकांकडून दहा वह्या बांधून घेतल्या होत्या. त्यांतली एक त्याने सुतळीला बांधून काउंटरवर टांगली. तिच्यातून पाच-सहा पानं जीभ बाहेर काढल्यासारखी लोंबत होती. शर्ट द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ती वही दाखवायचा. "बघा साहेब, काय बांधणी आहे! शर्ट लिहून होईपर्यंत पान हातात."

दहा वह्यांचं बिलही त्याने परत पाठवलं. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं : 'पाने सुटतात. पैसे मिळणार नाहीत.' यातलं दुसरं वाक्य काकांनी शांतपणे वाचलं. धंद्यात अशी वाक्यं वाचावी लागतात. पहिलं वाक्य मात्र त्यांनी तीनदा वाचलं आणि त्या दिवशी दुपारचं जेवण तसंच राहिलं.

मग एकेक गोष्ट घडू लागली. पलीकडच्या गल्लीतले गाण्याचे मास्तर आपली वही बांधायला घेऊन आले आणि जाताना अडखळत म्हणाले, "काका, वरून एक रबर लावून द्याल का? नाही म्हणजे, उगीच आपलं." काकांनी रबर लावलं नाही, पण ते रबर त्यांच्या घशात अडकून राहिलं. आणि चौथ्या दिवशी ग्रंथपालबाई आल्या. दरवर्षी ग्रंथालयाची चारशे पुस्तकं काकांकडे बांधणीला येत. दुकानाचं सहा महिन्यांचं काम त्यात निघे. बाई या वेळी रिकाम्या हातांनी आल्या होत्या. "समितीचं म्हणणं पडलं की यंदा जरा थांबू या," त्या खाली बघत म्हणाल्या. "कुणीतरी लाँड्रीत काहीतरी पाहिलं म्हणे."

"अहो, जा आणि भांडा त्याच्याशी," काकू म्हणाल्या.

"मी कधी कुणाशी भांडलोय का?"

"माझ्याशी भांडता ते?"

"ती चर्चा असते."

चर्चेचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण लगेच पोस्टमास्तर खाली आले. हे गृहस्थ निवृत्त झाले होते, पण सल्ला देण्याच्या कामातून नव्हे. जन्मभर त्यांनी कोर्टाच्या नोटिसा वाटल्या होत्या, त्यामुळे कायदा आपल्या हाताखालून गेला आहे असं ते म्हणत; आणि पिशवीचा विचार केला तर ते खोटंही नव्हतं.

"छोट्या दाव्यांचं कोर्ट," त्यांनी खुर्ची ओढली. "लहानसहान धंद्यातली भांडणं तिथे मिटतात. वकील आणायला बंदी. आपलं आपण उभं राहायचं आणि बोलायचं."

"हे बोलणार?" काकूंनी काकांकडे असं पाहिलं, जसं खिडकी विकायला आलेल्या माणसाकडे बिनभिंतीच्या घराचा मालक पाहील.

"जमतं सगळं. दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. आवाज खाली. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'महोदय'. महोदय म्हटलं की निम्मा खटला खिशात."

समोरच्या दारातल्या शेजारणीने एवढ्यात मान आत घातली. "मी तर म्हणते, डोळ्यांत पाणी आणा. त्याने फार फरक पडतो."

"ह्यांच्या डोळ्यांत कांदा चिरताना येत नाही," काकू म्हणाल्या.

अखेर काकांनी हिशेब सांगणारे, व्यवहार सांगणारे आणि अपमान सांगणारे मिळून अकरा कागद तयार केले. त्यांत सात कागद अपमानाचेच होते. अकराव्या कागदावर मात्र लाँड्रीवाल्याची सही होती : 'दहा वह्या तपासून घेतल्या. बांधणी चांगली आहे.' वही देताना अशी पोच लिहून घ्यायची काकांची पद्धत होती. ते कागद घेऊन ते कोर्टाच्या खिडकीपाशी गेले.

खिडकीतल्या कारकुनाचा चष्मा कपाळावर होता आणि पंखा बरोबर त्याच्या डोक्यावर. काकांनी कागद पुढे केले आणि पंख्याने ते चारी दिशांना वाटून टाकले. रांगेतल्या लोकांनी ते गोळा करून दिले. एका बाईंनी त्यातला अपमानाचा तिसरा कागद वाचून "अरेरे" असंही म्हटलं.

"हे असं नाही चालायचं," कारकून म्हणाला. "सगळे कागद एकत्र करा. पानांना नंबर घाला. तीन प्रती. एक कोर्टाला, एक समोरच्याला, एक तुम्हाला. मूळ सह्यांचा कागद कोर्टाच्या प्रतीत. आणि नीट ऐका, एकही सुटं पान चालणार नाही."

दुसरा कुणी असता तर तडक स्टेपलर विकत घ्यायला गेला असता. काका मात्र खिडकीपाशी क्षणभर तसेच उभे राहिले. एकतीस वर्षांत इतक्या उच्च अभिरुचीचं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं.

पुढचे चार दिवस दुकान बाहेरच्या कामाला बंद होतं. अकरा पानांनी पुस्तकाची पाठ भरत नाही, म्हणून काकांनी प्रत्येक प्रतीच्या शेवटी सोळा कोरी पानं घातली. दोऱ्याला दोनदा मेण लावलं. एरवी चार टाके घालत तिथे आठ घातले. वर जांभळं कापड चढवलं, दर्शनी बाजूला सोनेरी अक्षरांत 'अर्ज' असं उठवलं आणि आत रेशमी फीत सोडली.

"अर्जाला वाचनखूण कशाला?" काकूंनी विचारलं. "न्यायाधीश काय दुपारी आडवं होऊन वाचणार आहेत?"

"कुठपर्यंत वाचलं ते कळायला नको?"

तिन्ही प्रती फाशी गेल्या. तिन्ही टिकल्या.

कारकुनाने कोर्टाची प्रत दोन्ही हातांनी घेतली. उलटी केली, सुलटी केली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. त्या खिडकीत चष्मा नाकावर येण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी.

"हे काय आहे?"

"अर्ज."

"लेखक कोण?"

"मीच."

कारकुनाने एक लांब श्वास घेतला. "याला डाव्या बाजूला दोन भोकं पाडावी लागतील. फाइलच्या दोरीत ओवायला." त्याने पंच मशीन ओढलं, जांभळा पुठ्ठा त्यात सारला आणि दाबलं. काही झालं नाही. तो उठून उभा राहिला आणि कोपराने दाबलं. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून दोघांनी मिळून दाबलं. टण्णकन आवाज झाला आणि मशीनची स्प्रिंग खिडकीतून बाहेर उडून रांगेतल्या तिसऱ्या माणसाच्या छत्रीत पडली. पुठ्ठ्यावर दोन फिकट वळ उठले, बस्स.

कोर्टात ते एकच मशीन होतं. त्या दिवशी एकाही कागदाला भोक पडलं नाही आणि बावीस माणसं काकांकडे बघत घरी गेली. काकांनी कारकुनाची क्षमा मागितली. पण त्या क्षमेत दुःख थोडं कमी आणि समाधान थोडं जास्त होतं, हे कारकुनाच्या नजरेतून सुटलं नाही.

"आणि सातव्या पानावर तारीख चुकली आहे," तो सूड उगवल्यासारखा म्हणाला. "पान बदलून आणा."

"बदलता येणार नाही."

"का?"

"सुटत नाही."

"मग सुटेल असं का नाही बांधलंत?"

काकांचा चेहरा पडला. "साहेब," ते म्हणाले, "दावा त्याच्यावरच तर आहे."

शेवटी तडजोड झाली. चुकलेल्या तारखेसाठी वेगळा, एका ओळीचा अर्ज द्यायचं ठरलं. तोही काकांनी बांधूनच आणला. तसंच जांभळं कापड, तसेच आठ टाके, तशीच फीत. एका ओळीला फीत कशासाठी, हे काकूंनीही विचारलं नाही. मुखपृष्ठावर 'अर्ज : खंड दुसरा' असं होतं. कारकुनाने दोन्ही खंड कपाटात उभे ठेवले. बाकीचे सगळे खटले त्या कपाटात आडवे पडलेले होते.

सुनावणीच्या दिवशी काकांनी धुतलेला शर्ट घातला, पण इस्त्रीशिवाय, कारण इस्त्री करणारा एकच होता. सोबत धीर द्यायला पोस्टमास्तर आले. काकू यायच्या नव्हत्या, म्हणून त्या आधीच जाऊन पुढच्या बाकावर बसल्या होत्या.

खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. न्यायाधीशबाईंच्या टेबलाचा एक पाय लुळा होता, त्याखाली घडी करून कागद सारला होता. लाँड्रीवाला असा काही कडक कपड्यांत आला होता, की बसताना त्याच्या पँटचा आवाज झाला. त्याच्या बगलेत सुतळीसकट ती वही होती.

"अर्जदार, बोला," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"महोदय," काका उठले, "मी बाइंडर आहे, महोदय. या गृहस्थांना मी दहा वह्या, महोदय, बांधून दिल्या, महोदय."

"मी महोदया. आणि एकदा म्हटलंत तरी पुरे."

मागे पोस्टमास्तर बाकाखाली काहीतरी शोधू लागले.

काकांचं पुढचं सगळं बोलणं तिथेच संपलं. पाठ केलेली सात पानं डोक्यातून अशी निघून गेली, की जणू ती कधी शिवलीच नव्हती.

लाँड्रीवाल्याला बोलण्याची अडचण नव्हती. रोज दोनशे गिऱ्हाइकांशी बोलून त्याची जीभ कपड्यांइतकीच कडक झाली होती. "बाई, सरळ गोष्ट आहे. पानं सुटतात. फुंकर मारा, सुटतात. ही बघा वही, ही सुटलेली पानं. या असल्या कामाचे पैसे मागायला माणूस कोर्टात येतो म्हणजे कमाल आहे!"

वही टेबलावर आली. काकांनी ती लांबूनच ओळखली. पुठ्ठा आपला, कापड आपलं. आणि पानं सुटलेली. तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की त्या आठवड्यात दोरा नवीन होता. मेण कमी पडलं असेल का? फाशी देताना दहाऐवजी आठच मोजले असतील का? चारशे पुस्तकं, गाण्याची वही, ते रबर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर चर्चेची कोणतीही खूण नव्हती.

"वह्या दिल्या तेव्हा यांनी तपासून घेतल्या होत्या का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो, महोदया. सही आहे. अकराव्या पानावर."

"मूळ सही वेगळी जोडून घ्यावी लागते. ते पान यातून काढून द्या." बाईंनी खंड पहिला कारकुनापुढे सरकवला.

कारकुनाने हात मागे बांधले. "बाई, माझं मशीन अजून दुरुस्तीला आहे," तो म्हणाला.

"त्यात काय एवढं!" लाँड्रीवाला पुढे झाला. "द्या इकडे, मी काढतो. यांचीच बांधणी ना? आत्ता सुटेल बघा."

त्याने अकरावं पान धरलं आणि अलगद ओढलं, शर्टाची घडी उलगडावी तसं. मग जरा जोराने ओढलं. मग पुस्तक छातीशी दाबून दोन्ही हातांनी ओढलं. टेबलाच्या पायाखालची घडी निसटली आणि न्यायाधीशबाईंचा पाण्याचा पेला चार बोटं सरकला. लाँड्रीवाल्याच्या बाहीवरची कडक घडी मोडली. कपाळावर घाम आला. त्याने पुस्तक एका पानावर उचलून हवेत झटकलं. ते झुललं, फीत इकडून तिकडे हलली, पण पान निघालं नाही. काका नकळत आकडे मोजत होते. काकूंचेही ओठ हलत होते.

"बाई," लाँड्रीवाला धापा टाकत म्हणाला, "हे सुटत नाही हो!"



"काय म्हणालात?" न्यायाधीशबाईंनी लेखणी उचलली. "पुन्हा एकदा सांगा. लिहून घ्यायचंय."

 लाँड्रीवाल्याने चिडून पान मुळाशी धरलं आणि पिरगाळायला लागला.

"फाडू नका!" काका ओरडले. कोर्टात आवाज खाली ठेवायचा असतो हे विसरून ओरडले. "ओढा हवं तेवढं, पण फाडू नका! फाडलेलं पान मागे दातेरी पट्टी ठेवून जातं. सुटलेलं पान तसं जात नाही, ते अख्खंच्या अख्खं..."

आणि ते मध्येच थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते चार पावलं पुढे गेले, टेबलावरची लाँड्रीची वही उचलली आणि मधोमध उघडली. दोऱ्याच्या कडेने एकापुढे एक दातेरी पट्ट्या उभ्या होत्या. दोरा जागच्या जागी होता. पहिला, दुसरा, चौथा, सगळे टाके आपापल्या जागी.

"महोदया," काका म्हणाले, आणि या वेळी खरोखर एकदाच म्हणाले, "यातलं एकही पान सुटलेलं नाही. ही फाडलेली आहेत."

न्यायाधीशबाईंनी सुटं पान घेऊन एका पट्टीला लावून पाहिलं. दाताला दात बसला. दुसरं लावलं. तेही बसलं. तिसरं पान त्यांनी उजेडाकडे धरलं.

"हा तपकिरी त्रिकोण कसला?"

लाँड्रीवाल्याने वाकून पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्याची इस्त्री हळूहळू उतरली. "हा... इस्त्रीचा असेल," तो म्हणाला. "इस्त्री किती तापली ते बघायला माझा माणूस आधी कागदावर टेकवतो. मी त्याला विचारलं होतं बाई, आईशप्पथ. तर म्हणाला, शेठ, सुटलेलीच पानं घेतो."

"दहाही वह्यांतली?"

"तापते ना हो रोज," लाँड्रीवाला पुटपुटला.

निकाल दोन पानांचा लागला. बिल चुकतं करावं, टांगलेली वही काउंटरवरून काढावी. आणि तिसरी ओळ, जी काकांनी घरी येईपर्यंत रस्त्यात पाच जणांना वाचून दाखवली : 'अर्जदाराच्या बांधणीत कोणताही दोष आढळला नाही.' पाचांपैकी दोघांनी आधी विचारलंच नव्हतं. पोस्टमास्तर सगळ्यांना सांगत होते, की महोदया म्हणायचा सल्ला त्यांचाच.

आठवड्याभरात ग्रंथपालबाई हातगाडी घेऊन आल्या. चारशे पुस्तकं, वर साठ जास्त. मग कारकून आला. पंच मशीनबद्दल अवाक्षर न काढता त्याने कोर्टाची जुनी नोंदवही काकांपुढे ठेवली आणि म्हणाला, "अर्जासारखी करून द्या. फीत पण."

दहा दिवसांनी काका लाँड्रीवरून चालले होते. काउंटरवर सुतळी होती आणि सुतळीला काहीतरी बांधलेलंही होतं. काकांचं पाऊल अडलं. पण टांगलेलं कापड जांभळं होतं आणि त्यावर सोनेरी अक्षरं चकाकत होती.

"अहो शेठ," काका जवळ जाऊन म्हणाले, "हा तर तुमच्यावरचा दावा आहे."

"आहे ना," लाँड्रीवाला आत काहीतरी लिहीत म्हणाला. "पण मागे सोळा कोरी पानं होती. वाया कशाला घालवायची? तीन शर्ट, एक चादर... आणि काका, याचं पान आमच्या माणसाला निघत नाही. दोनदा करून बघितलं त्याने. आता दहाच्या दहा अशाच बांधून द्या. लोक विचारतात, कुणाची बांधणी म्हणून."

"मग काय सांगता?"

"आतलं वाचा म्हणतो," लाँड्रीवाला म्हणाला. "सगळं सविस्तर लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी काकांनी लाँड्रीत एक मोठा गठ्ठा पोचवला. बांधणीनंतर उरणाऱ्या कागदी कातरणांचा. फुकट. इस्त्री तापली का ते बघण्यासाठी.

त्या दुपारी काकांनी निकालाचे दोन कागद टेबलावर ठेवले. कोर्टाने ते एका गंजक्या पिनेने जोडले होते. काकांनी पीन नखाने उचकटून काढली आणि सुई ओवली.

"अहो, दोनच पानं आहेत," काकू म्हणाल्या.

"म्हणून काय झालं?"

संध्याकाळपर्यंत जांभळ्या कापडात खंड तिसरा तयार झाला. काकांनी तो उघडला, निकालाचं दुसरं पान चिमटीत धरलं आणि पुस्तक हवेत सोडलं. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि दोघं मोजू लागले. काकूंनी दहा म्हटलं. काका पुढे मोजतच राहिले.